बोटभर मासे आणि हौदभर हिशेब

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच सकाळी दोन गोष्टी येऊन पडल्या. एक सूचना होती: डेंग्यूचे दिवस आले, घराभोवती पाणी साचू देऊ नका, नाहीतर नोटीस येईल. दुसरा होता कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओ. घरामागे निळ्या ताडपत्रीची टाकी करा, तीत बारके मासे वाढवा, गळ टाकणाऱ्यांना विका आणि घरबसल्या पैसे कमवा. पुण्यात आमच्या धायरीच्या घरामागे सिमेंटचा हौद आहे आणि त्यात मासे आहेत, हे शेजारच्या काकूंना ठाऊक. त्यांचा लगेच फोन. "अगं, मग तुझ्या त्या हौदाचं काय समजायचं? नोटीस येणार की पैसे येणार?"

"काकू, दोन्ही नाही," मी म्हणाले. "मग काय येतं ते तरी सांग," असं त्या म्हणाल्या आणि फोन पाऊण तास चालला. तेच इथे जरा नीट मांडून सांगते.

चाऱ्याचे मासे म्हणजे काय?

गळाला जे लावायचं त्याला गळ टाकणारे 'चारा' म्हणतात. रोहू-कटल्यासाठी कणकेची गोळी चालते, बऱ्याच माशांना गांडूळ आवडतं. पण मरळ किंवा शिंगाळा हे शिकारी मासे. त्यांना हलणारं, पळणारं काहीतरी लागतं, म्हणून गळाला बोटभर लांबीचा छोटा मासा लावतात. तोच चाऱ्याचा मासा. आपल्याकडे तो बहुतेक जण ओढ्यातून मच्छरदाणीच्या तुकड्याने धरून आणतात. अमेरिकेत मात्र ही रीतसर शेती आहे. आर्कान्सा राज्यात लोनोक गावाच्या आसपास एकरच्या एकर तळी फक्त अशा माशांसाठी खोदलेली आहेत. तिथे फॅटहेड मिनो नावाचा एक मासा पाळतात. त्याचा नर पाण्यातल्या फळकुटाची खालची बाजू घासूनपुसून स्वच्छ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते आणि पुढे राखण नरच करतो. म्हणून तळ्यात फळ्या टाकून ठेवल्या की अर्धं काम झालं.

माझे बाबा गेली चाळीस वर्षं खडकवासला-पानशेतच्या धरणांकडे, कधी उजनीला, गरवायला म्हणजे गळ टाकायला जातात. आमचा हौद त्यांच्यासाठी. बाकी ज्यांच्या घरी मोठे शिकारी मासे काचेच्या टाकीत आहेत, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

हौद हा बंद डबा आहे

पुण्याला हौद नवे नाहीत. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पेठांतल्या हौदांत पाणी आणलं. फडके हौदाच्या चौकाचं नाव अजून आहे. पण त्या हौदांत पाणी सतत येत होतं, उपसलं जात होतं. घरामागचा हौद तसा नाही. त्यात आत टाकलेलं सगळं आतच राहतं. नदीतला मासा घाण करतो आणि ती घाण पुढच्या गावाला जाते (आपण पुणेकरही नदीशी तेच करतो, ते असो). हौदातल्या माशाला पुढचं गाव नसतं.

म्हणून पहिली गोष्ट मोजायची ती पाणी. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. लिटर निघतात. आमचा हौद ६ बाय ४, पाण्याची खोली २ फूट. म्हणजे साधारण १,३५० लिटर. हा आकडा लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

नऊ ग्रॅम श्वास

मासे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतात. पाण्यात किती विरघळतो? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर, पाणी २८-३० अंशांचं धरा. एका लिटरमध्ये जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो. तुम्ही-आम्ही घेतो त्या हवेच्या एका लिटरमध्ये तो अडीचशे मिलिग्रॅमच्या वर असतो. म्हणजे मासा आयुष्यभर संध्याकाळी सहाच्या स्वारगेटच्या बसमध्ये उभा असतो. त्यातून पाणी तापलं की ऑक्सिजन आणखी कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते.

आता ७ मिलिग्रॅम गुणिले १,३५० लिटर. साडेनऊ ग्रॅम. पाण्याने काठोकाठ भरलेल्या त्या आख्ख्या हौदात श्वासाचा साठा दोन चमचे साखरेएवढा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गणित तीनदा तपासलं होतं.

साठा एवढा लहान असूनही मासे जगतात, कारण तो सतत भरून निघतो. वाऱ्याने पाणी हलतं, पृष्ठभागातून हवा शिरते. शिवाय पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. पण शेवाळाचं बँकेसारखं आहे, दिवसा देतं आणि रात्री व्याजासकट घेतं. अंधारात तेही श्वासच घेतं. त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी. मासे मरतात ते बहुधा तेव्हाच. आपण सातला उठून पाहतो, तोवर ऊन आलेलं असतं, पाणी ठीक दिसतं आणि मासे का मेले ते कळत नाही.

माझ्या हातून हे झालेलं आहे. जुलैमध्ये दोन दिवस साताऱ्याला जायचं होतं, म्हणून 'दोन दिवसांचं एकदम' असं म्हणत मी मूठभर शेंगदाण्याची पेंड हौदात टाकली. मागे ढग हटलेच नाहीत. परत आले ती पहाटेच. टॉर्च मारला तर साठेक मासे उलटे तरंगत होते. उरलेले सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने, तोंडं वर काढून. त्या कोपऱ्यावरचा नळ गळका आहे. थेंब पडत होता तेवढ्याच जागेत त्यांना हवा मिळत होती. तो नळ दुरुस्त कर म्हणून मी नवऱ्याच्या महिनाभर मागे लागले होते. नंतर नाही लागले.

झालं काय होतं? मूठभर पेंड म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम. न खाल्लेलं खाद्य कुजतं, ते कुजवणारे जिवाणू जवळपास तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन ओढतात. साठा साडेनऊ ग्रॅमचा, मागणी तिसाची. वर दोन दिवस ऊन नाही, म्हणजे शेवाळाने काही जमाच केलं नव्हतं.

यावर उपाय म्हणजे हवा सोडणारा छोटा पंप, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो. तो रात्री चालू हवा. लोक उलटं करतात: दिवसा बुडबुडे छान दिसतात म्हणून लावतात आणि झोपताना आवाज नको म्हणून बंद करतात.

वास ओळखीचा आहे

माशाला लघवीसाठी वेगळी जागा फारशी लागत नाही. खाल्लेल्या प्रथिनांचा टाकाऊ भाग तो मुख्यतः कल्ल्यांतूनच अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. अमोनिया म्हणजे एसटी स्टँडच्या मुतारीबाहेर नाकात शिरतो तो वास. अंदाज असा की खाद्याच्या वजनाच्या तीन टक्के अमोनिया तयार होतो. माझ्या त्या ३० ग्रॅम पेंडीचा सुमारे ९०० मिलिग्रॅम. तो १,३५० लिटरमध्ये वाटला तर लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या आत. ऐकायला क्षुल्लक वाटतं.

पण अमोनियाची दोन रूपं आहेत, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल. कुठलं किती असणार हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच म्हणजे आंबटपणाची मोजपट्टी: दही साडेचारच्या आसपास, शुद्ध पाणी ७, खाण्याच्या सोड्याचं पाणी आठाच्या जरा वर. कोमट पाण्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एखादाच भाग जहाल असतो. पीएच ९ झाला तर चाळीसच्या आसपास. हिरवंगार शेवाळ झालेल्या हौदाचा पीएच कडक उन्हात दुपारी ९ वर सहज जातो. म्हणजे तेच पाणी, तेच मासे, तोच अमोनिया, सकाळी ठीक आणि दुपारी तीनला विष.

या घाणीची विल्हेवाट निसर्गच लावतो. जिवाणूंची एक फळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही माशाला वाईटच. दुसरी फळी त्याचं नायट्रेट करते. ते बऱ्यापैकी सौम्य, आणि वनस्पतींचं खत. अडचण एवढीच की नव्या हौदात हे जिवाणू पुरेसे नसतात. वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवा हौद भरला, दुसऱ्या दिवशी शंभर मासे सोडले, आठवड्यात सगळे गेले, ही जी कहाणी सगळ्यांकडे असते तिचं कारण हेच.

दूध तापवून ठेवलं म्हणून दही होत नाही, विरजण लागतं. इथलं विरजण म्हणजे कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतले दगड किंवा फिल्टरचा स्पंज. पाणी आणू नका. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. दगड आणले तरी सुरुवातीला आठ-दहाच मासे सोडायचे.

सिमेंटचा हौद नवा असेल तर आणखी एक भानगड असते. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच दहाच्याही वर जातो. भरायचा, आठवडाभर ठेवायचा, रिकामा करायचा. असं निदान तीनदा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशालाही मारतं आणि विरजणालाही, म्हणून पाणी दिवसभर उघड्यावर ठेवून मगच घाला. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण ऑक्सिजनही जवळपास नसतो. ते उंचावरून, धार मोडत ओता. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. हौदाच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा दिसतात त्या याच. नुसती भर घालत राहिलं तर पाणी महिन्यागणिक जड होत जातं. म्हणून थोडं उपसून मग भरायचं. उपसलेलं पाणी कढीलिंबाला घाला, आमचा त्याच्यावरच माजला आहे.

मग मासे किती?

हवेचा पंप नाही, नुसता हौद आणि थोडं खाद्य, तर आमच्या एवढ्या हौदात तीन-चारशे ग्रॅम मासे सुखाने राहतील. मासे किती, असं विचारलंत तर पाच सेंटीमीटरचा मासा दोन ग्रॅमचा धरा: दीडशे ते दोनशे. सगळे मिळून एका मोठ्या वाटीत मावतील. पंप लावला तर याच्या काही पट होतात, पण मग वीज गेली की किती वेळ हातात आहे हे माहीत हवं. दाटी जेवढी जास्त तेवढा तो वेळ कमी.

खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारख्या वजनाने मिसळा. मत्स्यशेतीत वर्षानुवर्षं चालत आलेलं मिश्रण आहे हे. पाच-दहा मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. ढगाळ दिवशी निम्मं, किंवा नाहीच. उपाशी मासा दोन-चार दिवस मजेत काढतो, हे मी साताऱ्याच्या आधी शिकले असते तर बरं झालं असतं.

त्याहून चांगलं खाद्य हिरवं पाणी. किंचित हिरवं पाणी म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळ, त्यावर पाणपिसवा म्हणजे पाण्यातले ठिपक्याएवढे जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे. ते किती हिरवं असावं याची परीक्षा फुकट आहे. बाही सरसावून तळवा सपाट धरा आणि हात हळूहळू बुडवा. पाणी कोपरापर्यंत आलं तेव्हा तळवा दिसेनासा झाला तर उत्तम. मनगटाशीच तळवा गायब झाला तर शेवाळ फार झालं, पहाटेची काळजी करा. तळ स्वच्छ दिसला तर पाणी देखणं आहे, पण माशांच्या ताटात काही नाही.

कुठला मासा?

सगळ्यात सोपा गप्पी. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, सुमारे चार आठवड्यांनी एकदा. एका समागमाचं बीज मादी महिनोनमहिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी घर भरतं. पण नर जेमतेम पेराएवढा, गळाला लावायला लहानच. आणि तो दक्षिण अमेरिकेतला, ते पुढे येतंच आहे.

चिलापी (तिलापिया) फुकट मिळते म्हणून कुणी सुचवेल. उजनी तिने भरली आहे. नको. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं मरत नाहीत, आणि थोड्याच महिन्यांत तुमचा हौद खुरटलेल्या चिलापींनी गच्च होतो.

रोहूची बोटुकली हा चांगला पर्याय. मत्स्यबीज केंद्रात गेलात तर तिथली मोजमापं ऐकून मजा वाटेल: अंड्यातून नुकतंच निघालेलं ते 'जिरे', मग 'अर्धबोटुकली', मग 'बोटुकली'. जिरे म्हणजे खरंच जिऱ्याएवढं. बोटुकली आणायची, ठेवायची, मोठी होण्याआधी वापरायची. घरी तिची पैदास मात्र होणार नाही. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराची वाहती नदी लागते. हे कोडं शास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात सोडवलं. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी दुसऱ्या माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. मेंदूखालच्या या ग्रंथीतून अंडी घालण्याचा हुकूम सुटतो. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन असतो तो यामुळेच.

मला आवडतात ते आपल्या ओढ्यातलेच साधे, चंदेरी, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले पुंटियस जातीचे मासे, किंवा अंगावर लांब काळी रेघ असलेले रासबोरा. थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतात आणि हौदातही वाढतात.

चढण हौदात आणायची

मावळ-मुळशीकडे पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यातून उलटे चढून भातखाचरांत शिरतात. ते चढणीचे मासे. गार पाऊस, वाढतं पाणी, मातीचा वास, हा सगळा त्यांच्यासाठी निरोप असतो की नवं पाणी आलं, तिथे पिल्लांना खायला असेल, जुने शत्रू नसतील. हौदातही हाच निरोप पोचवता येतो. वळवाच्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी हौदातलं चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि झारीने गार, साठवलेलं पावसाचं पाणी घालायचं. काठाला सुटा काथ्या बांधून सोडायचा. पहाटे मासे त्यात घुसतात, पाठलाग करतात, अंगाला अंग घासतात आणि मोहरीहून बारीक, पारदर्शक अंडी काथ्यावर चिकटतात.

यानंतर घाई करायची, कारण तेच आई-बाप नाश्त्याला तीच अंडी खातात. काथ्या उचलून दुसऱ्या टबात टाका. आपल्याकडच्या उबेत एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात. पहिले दोन दिवस ती काचेवर चिकटवलेल्या स्वल्पविरामासारखी दिसतात. मग पोहू लागली की हिरवं पाणी, किंवा उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग फडक्यातून पिळून. चिमूटभर. जास्त झालं तर साडेनऊ ग्रॅमचं गणित टबात आणखी लवकर कोसळतं. चतुराच्या अळीवर नजर ठेवा. एक अळी टबातली पिल्लं मोजून संपवते आणि वर खंड्या बसलेला असतोच. जाळी हवीच, माशांसाठीही आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी आधी.

"पण डेंग्यू?"

काकूंचा मूळ प्रश्न. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर अंडी घालतो. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि तेवढ्यात अळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. हौदात भुकेले मासे असतील तर ती वर येते आणि संपते. म्हणून तर गावोगावी आरोग्य केंद्रांत 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशी पाटी असते.

पण अपवाद आहेत. काठाला जलपर्णी किंवा शेवाळाची जाड साय असेल तर मासे आत पोचत नाहीत आणि अळ्या तिथे सुखाने वाढतात. साय काढत राहा. पिल्लांचा टब हा खरा धोका, त्यात खाणारं मोठं कुणी नसतं. त्याच्यावर मलमल बांधायचीच. आणि रिकामी झालेली बादली नुसती उपडी करून भागत नाही. एडिसची अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात, भिंत घासावी लागते. काकूंच्या गॅलरीत कुंड्यांखाली सात ताटल्या आहेत आणि त्यांत मासे नाहीत, हे मी फोनवर सांगितलं नाही.

"जिवंत मासा गळाला? बघवतं तुला?"

नाही बघवत. मी मासे वाढवते, गळाला बाबा लावतात, आणि मी तेव्हा थर्मास उघडते. हे सोयीचं आहे, मला कळतं. बाबांशी यावर वाद घालून झाला आहे. त्यांचं म्हणणं, मरळ नाहीतरी रोज हेच खाते. माझं म्हणणं, मरळ आधी त्याला काटा टोचत नाही. गेली दोन वर्षं ते ताजा मेलेला मासा हळूहळू ओढत नेतात, मरळ फसते, फक्त कमी वेळा. रोहूला तर कणीकच बरी. एवढ्यावर आमचा तह आहे.

आणखी एक सांगते: धरणांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते. गळ टाकण्याआधी तिथे कुणाची परवानगी लागते ते विचारावं.

"उरलेले मासे नदीत सोडले तर पुण्यच ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि इथे मी चिडते.

१८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन शास्त्रापुढे मांडलं. त्याने इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच लॅटिनमध्ये घातली. 'मुल्या' हा आपला मळ्या, 'कोलुस' हा कोळस. आणि दख्खनच्या महाशीराचं 'खुद्री', तो त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवला. आज बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून हे वाचलं तर थट्टा वाटेल.

त्या माशांचं जे झालं त्यात सांडपाणी आहे, धरणं आहेत, आणि बाहेरून आलेले मासेही आहेत. डास कमी करण्यासाठी गँबुसिया नावाचा मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आला. तो डासांच्या अळ्या खातो हे खरं, पण देशी माशांची अंडी, बेडकांची पिल्लंही खातो, इतर माशांच्या शेपट्या कुरतडतो. गप्पी, चिलापी यांनाही नदीत कुणी ना कुणी, बहुधा चांगल्याच हेतूने, सोडलेलं आहे. एका बादलीतून एक गाभण गप्पी मादी गेली तरी पुरे, हे वर आलंच आहे.

"मी तर देशी मासा सोडतोय," असं कुणी म्हणेल. देशी म्हणजे कुठला? ताम्हिणीच्या अलीकडचं पाणी मुळेतून भीमेला आणि तिथून कृष्णेला, बंगालच्या उपसागराकडे जातं. घाटाच्या पलीकडचं कुंडलिकेतून अरबी समुद्रात. मध्ये काही मैल, पण माशांना तो डोंगर ओलांडता येत नाही आणि दोन्हीकडची मासळी वेगळी. आपण मात्र डिकीत बादली ठेवून तासाभरात घाट उतरतो.

आणि मासा अगदी त्याच ओढ्यातला असला तरी? हौदात दाटीत राहिलेल्या माशाच्या अंगावर माशांच्या उवा असू शकतात, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असू शकतो. पाण्यातूनही तो पसरतो. अमेरिकेत रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेले चाऱ्याचे मासे मिळतात आणि कित्येक राज्यांत उरलेला चारा पाण्यात ओतायला बंदी आहे, ती उगीच नाही. बाबांची बादली म्हणून परत घरी येते. मासे हौदात नाही, वेगळ्या टबात जातात आणि पाणी झाडाला. पावसाळ्यात हौद भरून वाहणार नाही यासाठी काठाखाली सहा इंच जागा सोडलेली आहे, जाळीसकट. नको झालेले मासे पाळणाऱ्या दुसऱ्याला द्यायचे. ओढ्याला, नदीला, विहिरीला नाही.

आणि पैसे?

काकूंचा हा शेवटचा प्रश्न होता. आमच्या हौदात दीडशे-दोनशे मासे. पिल्लू गळाला लावण्याएवढं व्हायला तीन-चार महिने. वर्षाला फार तर तीन वेळा हौद रिकामा होणार, त्यात एखादा साताऱ्याचा प्रवास धरा. एका माशाला तुम्ही हवा तो भाव लावा आणि त्यातून पेंड, रात्रभर चालणारा पंप आणि रोज पहाटेचा तुमचा एक फेरा वजा करा. व्हिडिओतल्या ताडपत्रीचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत.

काकू जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग एवढा उपद्व्याप ठेवतेस कशाला?"

"बाबांना रविवारी दहा लागतात, काकू."